एका रुपयात किती झाडं

प्रिय अक्का,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून जन्मात कधी तुला पत्र लिहिलं नाही. धुळ्याला गाडी घेऊन महिना महिना राहिलो तेव्हाही निरोप पाठवला तो कुणाच्या तरी तोंडी. आता तू जाऊन दीड महिना झाला, आणि आता मी कागद घेऊन बसलोय. हसशील तू. हस.

झालं असं, की काल पंपवाले कांतिलालशेठ घरी येऊन गेले. तू गेलीस तेव्हा ते राजस्थानात त्यांच्या गावी होते, म्हणून इतक्या उशिरा आले. तुझ्या फोटोसमोर हात जोडून बराच वेळ बसले. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला आणि मी त्यांना एक उत्तर दिलं. काय उत्तर दिलं ते तुला सांगायचं आहे, त्यासाठीच हे पत्र. पण एकदम सांगायची छाती होत नाही. पहिल्यापासून सांगतो.

आपली पहिली जीप आठवते? लष्कराच्या लिलावातली, पत्रा वाजणारी, पेट्रोल ढोसणारी. ती घ्यायला तू तुझी म्हैस विकलीस. साक्रीकडचं घर सोडून आपण दोघं जळगावला आलो ते त्या जीपवर पोट भरायला. वऱ्हाड धुळ्याला ने, आजारी माणूस भुसावळहून आण, रावेरच्या केळीवाल्या व्यापाऱ्याला बागा फिरवून आण. गाडी पळत होती. तेवढ्यात ते वर्ष आलं. अरबांच्या देशात काय लढाई झाली म्हणतात, आणि इथे पेट्रोलचा भाव असा उडाला की स्टँडवरचे आम्ही सगळे टॅक्सीवाले एकमेकांची तोंडं बघत बसलो.

तेव्हापासून स्टँडवर दुसरा विषयच नाही. गावातल्या पंपावर जकात धरून एक भाव, नाक्याबाहेर दुसरा, धुळ्याला तिसरा, भुसावळच्या बाजूला चौथा. फरक दोन पैशांचा, चार पैशांचा, फार तर सहा. पण बोलणं असं, की जणू कुठे सोनं स्वस्त लागलंय. लिटरमागे दोन पैसे वाचवायला लोक चार मैल वळसा घालायचे आणि वाचवल्याच्या दसपट जाळून यायचे.

मी त्यातलाच, फक्त जरा हुशारीने. माझे कान तुला ठाऊकच आहेत. दोन गाड्या पलीकडे कुणी हळू आवाजात भाव सांगितला तरी मला ऐकू यायचा. दिवसभरात दहा पंपांचे भाव कानात साठवायचे आणि जेवताना तुझ्यापुढे ओतायचे. तू भाकरी थापत ऐकायचीस. एकदा हात न थांबवता म्हणालीस,

"भाऊ, पाटीवरना भाव नको दखू. गाडी कितली चालनी ते दख."

मी हसलो. म्हटलं, गाडी तीच, मी तोच, पेट्रोल म्हणजे पेट्रोल. त्यावर तू विचारलंस, "बठ्ठ्या म्हशीसनं दूध सारखं ऱ्हास का?"

सगळ्या म्हशींचं दूध सारखं नसतं, हे म्हैस विकून जीप घेतलेल्या बाईइतकं कुणाला ठाऊक?

पुढे तू जे केलंस ते आठवलं की अजून मी थक्क होतो, अक्का. मी आज चार गाड्यांचा मालक आहे, गॅरेज आहे, इंजिनियर झालेली मुलं माझ्याकडे गाड्या दाखवायला आणतात. पण तुझ्याइतकं सरळ डोकं मी दुसरं पाहिलं नाही. दवाखान्याच्या भंगारातून तू सलाईनची काचेची बाटली आणलीस, तिची रबरी नळीही. अर्ध्या लिटरच्या खुणेवर काळा दोरा बांधलास. मला म्हणालीस, टाकीची नळी काढ, ही लाव. बाटलीतलं पेट्रोल संपलं की गाडी थांबेल. जिथे थांबेल तिथलं झाड बघ.

झाड! नाक्यापासून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला डाव्या हाताला ओळीने कडुनिंब होते. मधेच चिंच, एखादं बाभळीचं. सरकारी लोकांनी प्रत्येकाला गेरूचा पट्टा मारून त्यावर पांढऱ्या रंगात नंबर टाकलेला. मी रोज त्या झाडांवरून जायचो. त्यांचा असाही उपयोग असतो हे माझ्या बापाच्या डोक्यात आलं नसतं.

तुझे नियम कडक. वेळ सकाळचीच, ऊन तापायच्या आधी. वजन तेच, आपण दोघं, तिसरं कुणी नाही. वेग तोच, बैलगाडी आडवी आली तरी तो फेरा बाद. निघण्याआधी तू पदराचं टोक हवेत धरायचीस. टोक हललं की म्हणायचीस, वारा शे, उद्या. मी चिडायचो. तू उतरून सरळ घरी चालू लागायचीस.

आणि चालत्या जीपमध्ये तू डावा हात बाहेर काढून, काचेच्या चौकटीला टेकवून, बाटली उंच धरून बसलेली. बॉनेट अर्धं उघडं, दोरीने बांधलेलं. अडीच मैल तुझी नजर त्या काळ्या दोऱ्यावरून हलायची नाही. शेतावर जाणारे लोक थांबून बघायचे. एक म्हातारा ओरडून म्हणाला होता, "ओ बाई, जीपले सलाईन लायं का? वाचई ना?" तू वळून बघितलंसुद्धा नाहीस. महिनाभर तुझ्या लुगड्याला पेट्रोलचा वास होता. शेजारीण तुला चुलीजवळ बसू देईना.

गाडी थांबली की मी उतरून नंबर वाचायचो. घरी येऊन तू चिंचोके मांडायचीस. मोजायचीस विसांमध्ये, वीस-वीसचे ढीग करून, आपल्या आईसारखी. गावातला पंप तेरा विसा नि आठ. धुळ्याच्या नाक्याचा तेरा विसा नि तीन, पण भाव कमी. मग कुठलं स्वस्त? मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो की माझा घोळ व्हायचा. तू चिंचोक्यांचे ढीग इकडून तिकडे सरकवायचीस आणि विचारायचीस एकच: रुपयामा कितला झाडं?

बस्स. लिटर नाही, पैसे नाहीत. एका रुपयात किती झाडं. आजही मला यापेक्षा नेमका हिशेब कुणी शिकवलेला नाही.

स्टँडवर आधी टिंगल झाली. हिरामण टॅक्सीवाला, आपला जुना दोस्त, मला बघितलं की हाक मारायचा, "काय सुपडू, आज कितला झाडं?" पण दोन महिन्यांत तोच घराच्या ओट्यावर येऊन बसू लागला. "अक्का, धुळ्याचं भाडं शे. कोठे भरू?" तू सांगायचीस. तो तिथेच भरायचा. त्याच्या मागे बाकीचे. वीस-बावीस गाड्या, अक्का. ज्या बाईला पाटी वाचता येत नाही, तिच्या शब्दावर वीस-बावीस गाड्या वळत होत्या. तुझी छाती कधी फुगली नाही. माझी फुगली. हेच सांगायचं आहे.

त्याच सुमारास नाक्यापासून सात-आठ मैलांवर कांतिलालशेठांनी पंप घेतला. हाताने दांडा फिरवायचा जुना पंप, वर काचेचं मोठं भांडं, त्यात पेट्रोल चढताना दिसायचं. मागे एक खोली, त्यात ते आणि त्यांची बायको. शेजारी रॉकेलचं दुकान. भाव गावापेक्षा सहा पैशांनी कमी.

सहा पैसे! मी ऐकलं तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं, की हा माणूस काहीतरी मिसळतो. शेजारी रॉकेलचं दुकान, आणखी काय पाहिजे? नाक्याबाहेर जकात नाही, नोकर ठेवलेला एकच, स्वतः दांडा फिरवतात, म्हणून परवडतं, एवढा साधा विचार मला सुचला नाही. हुशार माणसाला साधं सुचत नाही.

वैशाखात आपण त्यांचं पेट्रोल बाटलीत भरून नाक्यावर आणलं. वारा नव्हता. गाडी थांबली, मी उतरलो, नंबर वाचला: दोनशे एकतीस. अकरा विसा नि अकरा. बाकी सगळे तेराच्या वर, आणि हा अकरा.

तू नुसती म्हणालीस, "परत ले."

दुसऱ्या दिवशी परत घेतला. दोनशे तीस.

तू बाटली मांडीवर घेऊन बसलीस. तुला ते पटत नव्हतं, मला दिसत होतं. मग विचारलंस, "इंजिन कसं बोली ऱ्हायनं व्हतं?"

आणि मी म्हणालो, "टकटक येत होती. रॉकेलची."

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. "दोन्ही दिस?"

"दोन्ही दिवस."

"मंग ऱ्हाऊ दे," तू म्हणालीस.

खरं सांगू? नंबर वाचेपर्यंत मला काही ऐकू आलं नव्हतं. इंजिन नेहमीसारखं चाललं होतं. नंबर वाचला, आणि मग मागचं आठवताना त्यात मला टकटक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी तर मी ती ऐकायलाच निघालो होतो. तेव्हा मला हे कळत होतं का? अर्धं कळत होतं. अर्धं मी कळू दिलं नाही. माझ्या कानांचं स्टँडवर नाव होतं, आणि तू मला विचारत होतीस. "काही ऐकलं नाही" असं सांगणं मला जड गेलं.

तसं सांगितलं असतं तर तू दुसरं कारण शोधायला निघाली असतीस, हे मला आज स्वच्छ दिसतं.

तू स्वतःहून कुणाला काही सांगितलं नाहीस. हिरामणने विचारलं तेव्हा "तठे नको" एवढंच म्हणालीस. बाकीचं मी सांगितलं. अकरा विसा सांगितले, टकटक सांगितली, रॉकेलचं दुकान हाताने दाखवल्यासारखं सांगितलं. आठ दिवसांत त्या पंपासमोरून जाताना गाड्या वेगसुद्धा कमी करेनाशा झाल्या.

शेठ रस्त्याच्या कडेला उभे असायचे. मी जाताना बघायचो. आधी हात करायचे, मग नुसते उभे राहू लागले. त्यांनी जमिनीतली टाकी उपसून, धुऊन घेतली. स्वतः अर्ज करून तपासणीचा साहेब आणला, त्याचा दाखला दारावर लावला. थांबतच कुणी नव्हतं, वाचणार कोण? मग त्यांनी काय केलं ठाऊक आहे? संशयाला जागा नको म्हणून रॉकेलचं दुकान बंद केलं. निम्मी कमाई त्या दुकानाची होती. नोकराला रजा दिली. कंपनीला पंप परत घ्या म्हणून पत्र लिहिलं. हे सगळं मी स्टँडवर माझ्या याच कानांनी ऐकलं. आणि घरी येऊन तुला सांगितलं नाही. एरवी दहा पंपांचे भाव सांगणारा मी.

ज्येष्ठ संपत आला तेव्हा तू लिंबोळ्या वेचायला त्या रस्त्याला गेलीस. दरवर्षी जायचीस. नाल्याजवळ एका निंबाखाली तुझी पाटी एका खेपेत भरायची. त्या वर्षी तू तिथे गेलीस, तर तो निंब नाही. त्याच्या पुढचा नाही. ओळच्या ओळ नाही, नुसते खड्डे.

झाडं पडलेली मीही पाहिली होती, अक्का. फाल्गुनात रस्ता रुंद करायला तोडली होती. मी म्हटलं, तोडली तर तोडली, उरलेल्यांचे नंबर तर झाडावरच आहेत. तू तसं म्हणाली नाहीस. रस्त्याची निगा राखणारा मैलकुली तिथे खडी पसरत होता, त्याला तू विचारलंस. तो म्हणाला, बाई, एकेचाळीस झाडं गेली, आणि साहेबाने पुढच्या सगळ्यांचे नंबर नव्याने घालून घेतले, चैत्रातच.

बाकीच्या पंपांचे फेरे आपण फाल्गुनाच्या आधी केले होते. फक्त शेठांचे नंतरचे, त्यामुळे त्यांच्या नंबरात ती एकेचाळीस झाडं आलीच नव्हती.

वाटेत वेचलेल्या लिंबोळ्या तू तिथेच ओतल्यास. नाक्यापर्यंत चालत आलीस आणि पहिल्या झाडापासून मोजायला लागलीस. विसाला एक चिंचोका पदराच्या या गाठीतून त्या गाठीत. जिथे जीप थांबली होती तिथपर्यंत गेलीस. परत येताना पुन्हा मोजलीस. तिसऱ्यांदा गेलीस. दुपार होती, डांबर पायाला चिकटत होतं. मैलकुली मला पुढे म्हणाला, मला वाटलं बाईला उन्हाने काही झालं, पाणी दिलं तर खुणेने "थांब" म्हणाली, मोजणं तुटेल म्हणून. मग तू त्याच्याकडून चुना घेतलास आणि प्रत्येक खड्ड्याजवळ एक चुना लावलेला दगड ठेवलास. एकेचाळीस दगड.

मी स्टँडवरून घरी आलो तर तू ओट्यावर पाय पसरून बसलेली, तळवे भाजलेले. म्हणालीस, "सुपडू, आपलं चुकनं."

सगळं सांगितलंस. मी ऐकत होतो. शेवटी विचारलंस, "टकटक ऐकाले उनी व्हती ना तुले?"

अक्का, ती वेळ होती. तू दार उघडं धरून उभी होतीस. मी म्हणालो, "थोडी आली होती." तू पायाला तूप चोळत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी तू हिरामणला आणि पाच-सहा टॅक्सीवाल्यांना बोलावलंस. तुला कुणी सांगितलं होतं सगळ्यांसमोर जायला? शेठांना एकटं गाठून सांगता आलं असतं. मी तसं सुचवलंही. तू म्हणालीस, "नाव बठ्ठ्यासमोर गयं, बठ्ठ्यासमोर देनं पडई."

पंपावर गाड्या थांबल्या तशी शेठांची बायको दारात आली. शेठ पुढे आले नाहीत, दांड्याला हात लावून उभे राहिले. इतक्या गाड्या एकदम बघून त्यांना काय वाटलं असेल? भांडण, दुसरं काय? तू त्यांच्यासमोर गेलीस, पदर नीट घेतलास.

"शेठ, चूक मनी शे. मी झाडं मोज्यात नही, मी नुसता नंबरवर इसवास ठेवा. तुमनं पेट्रोल चोख शे."

शेठांनी झाडांचं सगळं ऐकून घेतलं. दोनदा विचारून समजून घेतलं. मग म्हणाले, "झाडांचं समजलं, अक्काजी. पण इंजिनात टकटक ऐकली असं सगळे बोलतात. ती कुणी ऐकली?"

मी जीपची काच पुसत होतो. काच स्वच्छ होती.

तू म्हणालीस, "ते मीच सुपडूले सांगं."

हिरामण हसला. "अक्का, तुम्हले कव्हयपासून इंजिन ऐकाले येवा लागनं?"

"इतला दिस बाटली धरीसन बसनू. माले कान नहीत का रे?"

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि दांडा फिरवायला लागले. काचेच्या भांड्यात पेट्रोल चढू लागलं. तू अर्ध्या लिटरचे पूर्ण पैसे दिलेस. ते घेईनात, तेव्हा पंपाच्या कठड्यावर ठेवलेस.

मग नाक्यापासून आपला फेरा. शेठ उत्साहाने जीपमध्ये चढायला आले, तर तू त्यांना उतरवलंस, "तुम्ही नको शेठ, वजन वाढस." ते हिरामणच्या गाडीत बसून मागून आले. गाडी थांबली तिथे सगळे उतरले. हिरामणने नंबर वाचला, पुन्हा दोनशे एकतीसच. मग तू त्यांना मागे नेलंस, चुन्याच्या दगडांपाशी. हिरामण मोठ्याने मोजत चालला, बाकीचे मागे, शेठ सगळ्यांच्या शेवटी. एकेचाळिसावा दगड आल्यावर हिरामण थांबला. तू म्हणालीस, "तेरा विसा नि बारा."

सगळ्या पंपांत सगळ्यांत लांब गेलेलं पेट्रोल. आणि भाव सगळ्यांत कमी.

शेठ तिथल्या मैलाच्या दगडावर बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "अक्काजी, साहेबाने तपासलं त्याला दहा मिनिटं लागली. तुम्ही या उन्हात तीनदा चाललात?" तू म्हणालीस, मोजताना एकदा चूक झाली होती, म्हणून. एवढंच. मी आयुष्यात मोठमोठे लोक पाहिले, भाषणं ऐकली. त्या सकाळी रस्त्याच्या कडेला तू उभी होतीस तेवढं उंच माणूस मी पाहिलेलं नाही.

पंप राहिला. कंपनीला शेठांनी दुसरं पत्र लिहिलं. संध्याकाळपासून गाड्या तिथे थांबू लागल्या.

घरी येताना जीपमध्ये तू पुढे बघत म्हणालीस, "तुना कान चांगला शेतस, भाऊ. त्यासले ऐकाले लाव, बोलाले नको लावू."

म्हणजे तुला ठाऊक होतं. मग मला बोलली का नाहीस? एक थोबाडीत का नाही दिलीस? लहानपणी दिल्या होत्यास की. रागावतो मी तुझ्यावर, अक्का. तू मारलं असतंस तर फिटलं असतं. तू नुसतं माझं ओझं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलंस आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाहीस. मग ते मी खाली कसं उतरवायचं?

माझ्या कानांचं नाव मात्र वाढत गेलं. गॅरेज निघालं ते त्या नावावर. सुपडूशेठ इंजिन ऐकून सांगतात, म्हणून आजही साक्रीपासून लोक येतात. बऱ्याचदा मी खरंच बरोबर सांगतो. पण मान वाकवून बॉनेटमध्ये कान दिला की क्षणभर मनात येतं: हे मला ऐकू येतंय, की मी आधीच ठरवलंय?

आता कालचं सांगतो.

शेठ म्हणाले, "सुपडूभाऊ, एक गोष्ट अक्काजींना विचारायची राहून गेली. इतकी वर्षं मनात आहे. एवढी मोजून-मापून बोलणारी बाई, न ऐकलेली टकटक ऐकली असं त्या दिवशी का म्हणाली? मला ते कधी पटलं नाही. तुम्हाला काही ठाऊक आहे?"

घरात पाहुणे होते. माझे दोन मिस्त्री दारात उभे होते. आणि मी म्हणालो, "अक्काला अधूनमधून तसे भास व्हायचे, शेठ. कान वाजायचे तिचे."

तुझ्या फोटोखाली बसून म्हणालो.

शेठांनी मान हलवली. "असेल," म्हणाले. चहा अर्धा ठेवून उठले. ते जिना उतरत होते त्या पावलांतून मला ऐकू आलं, की त्यांना पटलेलं नाही. तेवढं मात्र मी खरंच ऐकलं.

तू जिवंत असताना माझी चूक तुझ्या नावावर राहिली, ती तू घेतलीस म्हणून. काल मी ती स्वतःच्या हाताने तुझ्या नावावर टाकली. तुला, जिने एका चुकीसाठी भर उन्हात तीनदा झाडं मोजली, तिला मी भास होणारी म्हातारी करून टाकलं.

उद्या सकाळी मी पंपावर जाणार आहे. सातच्या सुमाराला, धुळ्याच्या पहिल्या भाड्याच्या गाड्या तिथे ओळीने लागतात तेव्हा. हिरामण असेल, नवी पोरं असतील, माझे गिऱ्हाईकही असतील. शेठांना बाजूला घेणार नाही. सगळ्यांसमोर सांगेन की टकटक नव्हती. नंबर मी आधी वाचला आणि टकटक मग ऐकली, आणि अक्काने त्या दिवशी जे अंगावर घेतलं ते माझं होतं. काल बोललो तेही खोटं होतं, हे पण सांगेन. त्यानंतर ज्याला माझ्या कानावर भरवसा ठेवायचा त्याने ठेवावा, नाही त्याने गाडी दुसरीकडे दाखवावी. असे थोडे निघतील. निघू देत.

शेठ काय म्हणतील ते मला ठाऊक नाही. या वेळी मी आधी ठरवून जाणार नाही. ते जे म्हणतील ते उभा राहून ऐकेन.

तुझा भाऊ,
सुपडू